सोळावर जाणारा एसी

एसी किती वर्षांचा आहे, असं मेकॅनिकने विचारलं तेव्हा मी पलंगावर डाव्या कुशीवर पडून होते. मला सातवा लागला होता. त्याआधी दोनदा दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा चौथा महिना उजाडायच्या आत सगळं संपलं होतं. या खेपेला डॉक्टरबाईंनी सरळ दम भरला होता. उठायचं ते फक्त बाथरूमपुरतं, प्रवास नाही, जिना नाही, आणि अंगाची तलखी होऊ द्यायची नाही. पनवेलच्या मे महिन्यात, सगळ्यात वरच्या मजल्यावर, पश्चिमेच्या भिंतीला लागून राहणाऱ्या बाईला हे सांगणं सोपं होतं.

आमचा हॉल दुपारी भट्टीसारखा तापायचा. घरात एकच खोली राहण्याजोगी होती, ती ही आतली, आणि तीसुद्धा या एसीमुळे. म्हणून तो कण्हायला लागला तेव्हा आम्ही मेकॅनिकला बोलावलं. बाहेरच्या युनिटमधून आधी घरघर यायची, मग एखादं माणूस ओझं उचलताना करतं तसा आवाज यायचा, आणि मग बराच वेळ काहीच नाही. त्या ‘काहीच नाही’मध्ये मी छताकडे बघत पडून राहायचे.

मेकॅनिक म्हणाला, “कॉम्प्रेसर जातोय, मॅडम. पण कॉम्प्रेसरची पाच वर्षांची गॅरंटी असते. किती साली घेतलाय?”

तेच तर आम्हांला ठाऊक नव्हतं. फ्लॅट आम्ही जुना घेतला होता आणि एसी त्याच्याबरोबर आला होता. मेकॅनिक बाहेरच्या युनिटवरचा स्टिकर बघून आला. उन्हाने आणि खाऱ्या वाऱ्याने तो कोरा पांढरा झाला होता. आतल्या युनिटच्या बाजूला दुसरा स्टिकर असतो म्हणे. घर विकण्याआधी रंगकाम झालं तेव्हा रंगाऱ्याने त्याच्यावरूनही ब्रश फिरवला होता. त्याच्या घाईला काय म्हणावं, खिडकीच्या काचांवरही तोच रंग होता.

जाता जाता मेकॅनिकने आतली जाळी काढून धुतली. धुताना थांबला, बोट नाकाशी नेलं आणि म्हणाला, “इथं कोणी अगरबत्ती लावायचं का? सगळ्या कॉइलवर काळा थर बसलाय.”

माझ्या नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. एसी सुरू झाला की पहिला मिनिटभर एक गोडसर वास यायचा. मी तो नव्या रंगाचा समजत होते आणि तो म्हणायचा की शेजारच्या घरातून येतो. आमच्या घरात अगरबत्ती लागायची ती स्वयंपाकघरातल्या देव्हाऱ्यापुढे, तीही आई आली की.

आई माझी चिरनेरकडची. शेतात आयुष्य गेलेली बाई. मी गावी बाळंतपणाला जाऊ शकत नव्हते म्हणून तीच बोचकं घेऊन माझ्याकडे राहायला आली होती. पलंगावर झोपायला ती तयार नसे. पलंगाच्या पायथ्याशी, भिंतीलगत जमिनीवर गोधडी टाकायची आणि डोळे मिटले की घोरायला लागायची. “इथं मना गावापेक्षा बरी झोप लागते, बाय,” असं ती कौतुकाने सांगायची. “पन जमीन लय गार हाय गं. पाठीला भिडते.”

आणखी एक गोष्ट होती, ती आम्ही मेकॅनिकला नंतर सांगितली. ते दिवस लोडशेडिंगचे होते. दुपारी लाइट जायची ती तीन-साडेतीनला यायची. लाइट आली की हा एसी आपोआप सुरू व्हायचा, त्यात विशेष काही नाही, तशी सोय त्यात असते. पण आम्ही तो चोवीसवर ठेवलेला असो की सव्वीसवर, लाइट जाऊन आली की तो सोळावरच सुरू व्हायचा. डोळा लागलेला असायचा आणि अचानक पायांवरून गार काहीतरी सरकायचं. डोळे उघडले की समोर हिरवा सोळाचा आकडा. त्याच्याखाली आकडाच नव्हता. मी रिमोट घेऊन पंचवीस करायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सोळा. मेकॅनिकने खांदे उडवले आणि म्हणाला, आतल्या सर्किटच्या कार्डात फॉल्ट असेल.

फ्लॅट ज्यांनी विकला ते काका खारघरला भाच्याकडे राहायला गेले होते. शांत, सडपातळ माणूस. व्यवहार झाला त्या दिवशी त्यांनी सगळ्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या होत्या, पण एसीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून माझ्या हातात दिला होता. नवऱ्याने त्यांना फोन करून एसी कधी घेतला ते विचारलं. ते म्हणाले, दोन-अडीच वर्षं झाली असतील. बिल आहे का? नाही. दुकान कुठलं? आठवत नाही.

“दोन वर्षांत कॉम्प्रेसर जात नाही,” नवरा फोन ठेवून म्हणाला. “म्हातारा थापा मारतोय.”

मलाही तसंच वाटलं. जुना एसी नवा म्हणून गळ्यात मारला, एवढाच त्याचा अर्थ मी काढला आणि मनातल्या मनात काकांना दोन शिव्या हासडल्या.

मग आईने स्टूल घेतलं. एसीच्या वर धूळ आहे, ती पोरीच्या नाकात जाईल, असं तिचं म्हणणं. मी नको नको म्हणेपर्यंत ती चढलीसुद्धा. ओलं फडकं फिरवता फिरवता तिचा हात थांबला.

“बाय, इथं कुकू लावलंय.”

“कुठं?”

“वरती. मिशीनच्या डोक्यावर. एक, दोन, तीन… चार टिकल्या हायेत. वळीने.”

खालून त्या कधीच दिसल्या नसत्या. आई स्टुलावर उभी राहून खुशीत हसली. आमच्या गावात दसऱ्याला नांगराला, कोयत्यांना, होडीला, सायकलीला कुंकू लागतं. पनवेलमध्ये गाडीला, शिलाई मशीनला, कॉम्प्युटरला लागतं. तेव्हा एसीला का नाही? दर दसऱ्याला एक टिकली. नव्या टिकलीसाठी जुनी पुसायची नाही, शेजारी लावायची. मला त्या न पाहिलेल्या घरधनिणीचं कौतुक वाटलं. आम्ही राहायला आल्यावर एक दसरा गेला होता आणि त्या दसऱ्याला मी फक्त स्कूटरला कुंकू लावून मोकळी झाले होते. म्हणजे चार आणि एक पाच दसरे. पाचवं वर्ष अजून भरायचं होतं. गॅरंटी थोडक्यात वाचत होती.

“म्हातारा खोटं बोलला,” मी म्हणाले, “पण कुंकू खोटं बोलणार नाही.” मी फार हुशारीने बोलले होते, निदान मला तसं वाटलं.

आई मात्र अजून वरच बघत होती. “तीन सुकून काल्या झाल्यात,” ती म्हणाली. “चौथी लाल हाय, बाय. जुनी वाटत नाय.” आणि ती खाली उतरली. उतरल्यावर तिने आपली बोटं पदराला पुसली.

मी स्वतः काकांना फोन लावला. दसऱ्याच्या टिकल्या मोजल्याचं सांगितलं आणि म्हटलं, साडेचार वर्षं तरी झालीत, आता दुकानाचं नाव तेवढं आठवून सांगा. फोन कट झाला की काय म्हणून मी हॅलो हॅलो केलं.

“दसऱ्याच्या नाहीत त्या,” काका म्हणाले.

माझा पारा चढला. मी म्हटलं, “काका, मला सातवा चालू आहे. आधीची दोन गेलीत. डॉक्टरांनी या खोलीतून हलू नको सांगितलंय. हा एसी बंद पडला तर मी काय करायचं, तेवढं सांगा.” बोलता बोलता मला रडू फुटलं, ते मला अजिबात नको होतं.

“मी येतो,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आले. नवरा कामावर होता. लाइट गेलेली होती. आईने त्यांना पाणी दिलं, हॉलमध्ये खुर्ची दिली, पण ते बसले नाहीत. आतल्या खोलीच्या दारापर्यंत आले आणि उंबऱ्यावरच थांबले. मी उशीला टेकून बसले होते. आई तिच्या घडी केलेल्या गोधडीवर बसली होती.

मला तेव्हा आठवलं की हे काका आधीही एकदा येऊन गेले होते. आदल्या भाद्रपदात. एसीची जाळी नीट बसली आहे का बघतो म्हणाले होते आणि आत जाऊन त्यांनी दार लोटून घेतलं होतं. बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते. धुळीने झाले असतील असं मी धरून चालले होते.

“फोनवर खोटं बोललो, हे सांगायचं नव्हतं. एसी बरोबर चार वर्षांचा आहे,” ते म्हणाले. “ही गेली त्या दिवशी घेतला.”

त्यांची बायको मे महिन्यातच गेली होती, स्वयंपाकघरात, दुपारी, उभ्या उभ्या. मुलगा परदेशात. त्याला यायला दोन दिवस लागणार होते आणि त्याने फोनवर हात जोडून सांगितलं होतं, मी आल्याशिवाय काही करू नका. शेजारी म्हणाले, बर्फाच्या लाद्या आणू. काकांना ते बघवेना. लाकडाच्या भुशात गुंडाळलेल्या लाद्या, त्यांचं जमिनीवरून वाहणारं पाणी. दवाखान्यात ठेवायलाही त्यांचं मन घेईना. ते उठले, चप्पल न घालता बाजारात गेले आणि एसी घेऊन आले.

“बसवणारी माणसं आली तेव्हा ही हॉलमध्येच होती. तिला बघून ती माणसं परत निघाली होती. शेजाऱ्यांनी पाया पडून थांबवलं. भिंतीला भोक पाडत होते तो आवाज अजून कानात आहे.” ते एसीकडे बघत होते, आमच्याकडे नाही. “वीस वर्षं म्हणत होती, एक एसी घेऊ या हो, दुपारी जीव नकोसा होतो. मी म्हणायचो, पंखा आहे की.”

आई हळूच म्हणाली, “आन या खोलीत ठेवली व्हती?”

“हो. रिमोट मला चालवता येत नव्हता. बटण दाबत गेलो. सोळाच्या खाली जाईना. दोन दिवस दार बंद, उशाशी अगरबत्त्या. मुलगा आला, त्याने बघितलं, मग नेलं.”

“कुठं ठेवली व्हती?”

काकांनी बोट दाखवलं. पलंगाच्या पायथ्याशी, भिंतीलगत. आई बसली होती तिथे. आई उठली नाही लगेच. आधी तिने गोधडीवर टेकलेला तळहात उचलला, मग एक गुडघा, मग उठली.

टिकल्या पितृपक्षातल्या नवमीच्या होत्या. नवरा मागे असताना जी बाई जाते, तिची ती नवमी. काका म्हणाले, पहिल्या वर्षी करत नाहीत असं भटजींनी सांगितलं होतं, पण मी केलं. फोटोला कुंकू लावावंसं वाटत नव्हतं, फोटोत ती नाही. जिथे शेवटी होती तिथे लावलं. घर विकल्यावरही त्यांना राहवलं नाही आणि चौथी टिकली लावायला ते जाळीचं निमित्त करून आले होते.

तेवढ्यात लाइट आली. वर खट् झालं. तो गोडसर वास सुटला आणि आता आम्हां तिघांनाही तो कसला ते ठाऊक होतं. हिरवा आकडा लागला. काकांनी हात जोडले, कुणाला ते मला कळलं नाही. मला भीती वाटली. खरी, लहानपणीसारखी भीती, जिच्यात हलता येत नाही. पोटात बाळाने पाय मारला आणि माझ्या तोंडून हुंदका निघाला.

काकांनी दुकानाचं नाव सांगितलं आणि गेले. दुकानदाराला तो दिवस सांगायचीही गरज पडली नाही. नवऱ्याने पत्ता सांगताच तो म्हणाला, ते घर कसं विसरेन. गॅरंटी मान्य झाली, पण पार्ट यायला वेळ होता.

त्या संध्याकाळी आईने फर्मान काढलं. “आजच्या आज ही खोली सोडायची. पोटुशी बाय मड्याच्या खोलीत ऱ्हाते का कुठं?”

“हॉलमध्ये जाऊ? तिथे तुझा नातू उकडून निघेल.”

“उकडू दे. जित्ता तर ऱ्हाईल.”

नवरा मधे पडायला गेला आणि दोन्हीकडून बोलणी खाऊन गप्प बसला. खरं सांगायचं तर मलाही पळून जावंसं वाटत होतं. पण जायचं कुठे? गावी जाता येत नव्हतं, जिना उतरता येत नव्हता. आणि मी हट्टी आहे, आईवरच गेले आहे. मी म्हटलं, “आई, जिला वीस वर्षं उकडलं ती मला कशाला त्रास देईल? तिला माहीत आहे उकडणं काय असतं.”

आईने माझ्या गादीखाली कोयती सारली, दारात मिठाची चिमूट टाकली आणि आपली गोधडी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला टाकली. त्यानंतर तिला तशी झोप कधी लागली नाही, निदान असं ती म्हणायची. मला तिचं घोरणं ऐकू यायचं.

दुपारी मात्र मी एकटीच जागी असायचे. लाइट नसताना खोली तापत जायची आणि मी वाट बघायचे. ती गारव्याची वाट होती की त्या खट् आवाजाची, ते सांगता येत नाही. आवाज झाला की पायथ्याकडे बघायचं नाही, असं मी ठरवलेलं असायचं आणि नेमकी तिकडेच नजर जायची. तिथे रिकामी फरशी असायची. ती बाकीच्या फरशीपेक्षा जास्त पुसलेली दिसायची. एके दिवशी मला इतकी भीती वाटली की मी मोठ्याने बोलले. म्हटलं, “काकू, मला थंडी वाजते. पंचवीस करते हं.” आणि केलं. काही झालं नाही. मग मी रोज सांगूनच रिमोट उचलायला लागले.

पार्ट येईपर्यंत तो एसी कण्हत कण्हत चालत राहिला, एकही दुपार बंद पडला नाही. मेकॅनिकने कॉम्प्रेसर बदलला आणि माझ्या सांगण्यावरून कार्डही नवं घातलं. दुसऱ्या दिवशी लाइट जाऊन आली. सोळा. त्याला फोन केला तर म्हणाला, नव्या कार्डातही तोच फॉल्ट असेल. मी त्याला पुन्हा बोलावलं नाही.

श्रावणात मला मुलगी झाली, पुऱ्या दिवसांची, चांगली धडधाकट. आईने तिला त्या खोलीत आणताना उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि पायथ्याकडे पाठ करून उभी राहिली. पण आणलं तिथेच. हॉलमध्ये भाद्रपदाचं ऊन तापायला लागलं होतं.

नवमीला मीच काकांना फोन केला. आई चिडली, मृताचं कुंकू बाळाच्या खोलीत नको म्हणाली, पण ते आले तेव्हा स्टूल तिनेच आणून ठेवलं. या वेळी दार लोटून घ्यायची गरज नव्हती. काका चढले, पाचवी टिकली लावली आणि सावकाश उतरले. बाळ पलंगावर झोपलं होतं. लाइट नुकतीच जाऊन आली होती, एसी सोळावर होता, मी अजून रिमोट उचलला नव्हता. काकांनी तो माझ्याआधी उचलला. एक-एक बटण दाबत त्यांनी आकडा वर नेला, पंचवीसपर्यंत. “बाळाला गार होतंय गं,” ते एसीकडे बघून म्हणाले.

आईने त्यांना चहा दिला. कप रिकामा व्हायच्या आत लाइट पुन्हा गेली आणि लगेच आली. खट् झालं. आम्ही तिघांनी वर बघितलं. सोळा.

काकांनी रिमोट पलंगावर ठेवला. “वीस वर्षं ती सांगत होती, मी ऐकत नव्हतो,” ते म्हणाले. “आता मी सांगतोय.” आणि ते आईच्या जुन्या जागेशेजारी जमिनीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले.

त्या दुपारी मी रिमोट उचलला नाही. बाळाला टोपडं घातलं, दुपट्यात घट्ट गुंडाळलं. आईने आपली गोधडी आणली आणि बाळाच्या अंगावर घातली. मग ती काकांच्या समोर, भिंतीलगत खाली बसली. ऊन उतरेपर्यंत आम्ही सगळे तसेच त्या गारव्यात बसून राहिलो.